वॉर्डात नर्स कमी पडतायत? इंदूरमध्ये हे कुठे, कसं आणि कोणत्या कागदानिशी मांडायचं

आपल्या इकडे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर कुठेही विचारा, ओळखीत एक तरी ताई, वहिनी, भाची नर्सिंगमध्ये असतेच, आणि तिच्या घरी "आज पण डबल ड्युटी पडली" हे सगळ्यांना पाठ झालेलं असतं. तक्रार खरी असते, पण ती जेव्हा कागदावर येते तेव्हा "आमच्यावर फार ताण आहे, कृपया स्टाफ वाढवावा" एवढंच असतं त्यात आणि वरचा साहेब ते वाचून फाइलला लावून देतो, कारण त्या वाक्याला उत्तर द्यायची त्याच्यावर काही सक्तीच नसते. मी बरीच अशी निवेदनं लिहून दिलीयत, काही चालली, काही तिथेच राहिली, आणि जी चालली त्या सगळ्यांत आकडा होता. म्हणून हे सगळं आकड्यापासून सुरू करते. नर्सेससाठी लिहितेय पण पेशंटच्या घरच्यांनीही वाचा, तुमचं काम मधे येतं आणि ते महत्त्वाचं आहे.

पहिलं काम, स्वतःची मोजणी

चार आठवडे एक साधी वही ठेवा. प्रत्येक ड्युटीला फक्त इतकं लिहायचं: तारीख, शिफ्ट, वॉर्ड, वॉर्डाच्या मंजूर खाटा किती, प्रत्यक्ष पेशंट किती (जमिनीवरच्या गाद्या आणि स्ट्रेचरवरचे धरून), ड्युटीवर रजिस्टर्ड नर्स किती, स्टुडंट किती, पेशंटपैकी सिरियस किती. आणि एक शेवटचा रकाना, आज काय राहून गेलं. दोनचे व्हायटल्स (बीपी, नाडी, ताप वगैरे) चार वाजता घेतले, अँटिबायोटिकचा डोस दीड तास उशिरा गेला, अंथरुणावरच्या आजोबांची कूस बदलायची राहिली, असं. हा रकाना भरायला जड जातो, वाटतं आपणच आपल्या विरुद्ध लिहितोय, पण नंतर सगळं निवेदन याच रकान्यावर उभं राहतं, त्यामुळे तो टाळू नका. त्यात कोणाचं नाव लिहायचं नाही, ना पेशंटचं ना सहकाऱ्याचं, केस पेपरचा फोटो काढायचा नाही, आणि वॉर्डातले फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नाही. एका फोटोनं अख्खी मागणी बाजूला पडते आणि चौकशी तुमचीच सुरू होते.

एकटीनं लिहू नका. एका वॉर्डातल्या चार-पाच जणींनी आलटून पालटून लिहिलं तर तिन्ही शिफ्ट येतात. रात्रीचा मिडनाइट सेन्सस (मध्यरात्रीची पेशंटची मोजणी) आणि हँडओव्हर रजिस्टर हॉस्पिटलकडे असतंच, तुमची वही त्याच्याशी जुळली पाहिजे, म्हणजे पुढे कोणी "हे तर मनानं लिहिलंय" म्हणू शकणार नाही.

आता मापदंड, म्हणजे नॉर्म. इथे बऱ्याच जणी गोंधळतात आणि समोरचा त्याचाच फायदा घेतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जुना आणि सगळीकडे सांगितला जाणारा नॉर्म असा: टीचिंग, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स, साध्या हॉस्पिटलात पाच खाटांमागे एक, आयसीयूत खाटेमागे एक, आणि यावर रजा वगैरेंसाठी ३० टक्के जास्त. पण ही संख्या तिन्ही शिफ्ट मिळून आहे, एका शिफ्टला तीच संख्या टीचिंगमध्ये नऊ खाटांमागे एक आणि साध्या हॉस्पिटलात पंधरा खाटांमागे एक अशी होते. म्हणजे समजा ३० खाटांचा टीचिंग वॉर्ड आहे, तर दहा नर्स अधिक ३० टक्के अशा तेरा पोस्टिंगला हव्या, आणि रात्री प्रत्यक्ष वॉर्डात तीन तरी हव्यात. आता तुमच्या वहीत रात्री एक नर्स आणि ३८ पेशंट असं महिनाभर दिसत असेल तर निवेदनात लिहायचं वाक्य तयार झालं. केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा वेगळा नॉर्म आहे, जनरल वॉर्डात सहा खाटांमागे एक आणि वर सुट्या-रजांसाठी ४५ टक्के, आणि जिल्हा रुग्णालय, सीएचसी, पीएचसी (सामुदायिक आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं) यांच्यासाठी आयपीएचएस, म्हणजे इंडियन पब्लिक हेल्थ स्टँडर्ड्स आहे, २०२२ मध्ये सुधारलेलं. कोणता नॉर्म धरलाय ते निवेदनात स्पष्ट लिहा, दोन नॉर्म मिसळले की तिकडून लगेच त्यावर बोट ठेवतात.

खाटा धरून मोजायचं का पेशंट धरून, हाही प्रश्न येतो. नॉर्म खाटांवर असतो, आणि आपल्या सरकारी हॉस्पिटलात खाटांपेक्षा पेशंट जास्त. माझं मत, दोन्ही लिहा, वेगवेगळ्या रकान्यात.

हे नर्सच्या सोयीसाठी नाहीये, हे आधी दाखवायचं

साहेबांना, आमदारांना, पत्रकारांना, सगळ्यांना पहिल्यांदा वाटतं की चला, पगारवाढ मागायला आल्या. म्हणून निवेदनात पहिला परिच्छेद पेशंटचा ठेवा. २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये युरोपातल्या नऊ देशांचा, ३०० हॉस्पिटल्सचा आणि चार लाखांवर सर्जरीच्या पेशंट्सचा अभ्यास आला होता, लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यात दिसलं की नर्सवर एक पेशंट वाढला की भरती पेशंटचा ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तिकडच्या नर्सकडे सरासरी किती पेशंट आणि आपल्याकडे किती याचा विचार केला तर पोटात गोळा येतो. कॅलिफोर्नियानं १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून लागू केला, प्रत्येक शिफ्टला नर्समागे जास्तीत जास्त किती पेशंट ते ठरवून दिलं, आयसीयूत दोन. आपल्याकडे असा शिफ्टवार, मोडला तर दंड होईल असा कायदा नाही, मागायचाय तो हा.

आणि दुसरी बाजूही लिहा, की स्टाफ कमी असताना काही झालं तर बोट पहिलं नर्सकडे जातं. २०२५ मध्ये एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या महाराजा यशवंतराव हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या आयसीयूत उंदरांनी दोन बाळांना चावलं, ती बाळं गेली, सगळ्या देशात बातमी झाली आणि कारवाईत नर्सिंग ऑफिसर्स निलंबित झाल्या. त्या प्रकरणात कोणाची किती चूक ते चौकशीनं ठरवायचं, मी त्यावर बोलत नाही. पण "या वॉर्डात स्टाफ अपुरा आहे, अमुक धोका आहे" असं आधी लेखी दिलेलं आणि त्याची पावती हातात असलेली नर्स वेगळ्या जागी उभी असते. तोंडी सांगितलेलं नंतर कोणालाच आठवत नाही. धोका दिसला त्याच शिफ्टला रिपोर्ट बुकात लिहा, वेळ टाकून.

ज्ञापन, म्हणजे हेच निवेदन, कसं लिहायचं

हिंदीतच लिहा, इथलं सगळं ऑफिस हिंदीत चालतं, मराठीत विचार करून हिंदीत उतरवायला अडचण वाटत असेल तर घरातल्या कोणाला बसवा. एक पान, त्याहून जास्त नाही. वर विषय एका ओळीत. मग पेशंटचा परिच्छेद, मग तुमच्या चार आठवड्यांचा तक्ता (वही जोडू नका, फक्त बेरीज), मग नॉर्म, मग फरक, आणि मग मागण्या, तीनच. मला विचाराल तर त्या तीन अशा असाव्यात की एक साहेब स्वतःच्या सहीनं उद्या करू शकेल, दुसरी महिन्याभरात होईल आणि तिसरी भोपाळला पाठवावी लागेल. पहिलीसारखी उदाहरणं: दुसऱ्या विभागांत अटॅच केलेल्या नर्सेस मूळ वॉर्डात परत, रात्रीच्या शिफ्टला एकटी नर्स नको, नर्सकडून स्टोअर आणि डेटा एंट्रीची कामं काढून घ्या. अटॅचमेंट हा फार मोठा विषय आहे, कागदावर वॉर्डात बारा नावं असतात आणि त्यातल्या तीन ऑफिसात, दोन कुठल्या कार्यक्रमाच्या ड्युटीवर, आणि हिशोबात सगळ्या वॉर्डातच. तेव्हा मंजूर, भरलेल्या आणि वॉर्डात प्रत्यक्ष हजर अशा तीन वेगळ्या संख्या मागा.

सह्या गोल गोल मधोमध सुरू करून घ्या म्हणजे पहिलं नाव कोणाचं हे दिसत नाही, घाबरणाऱ्या मुलींना याचा खूप आधार वाटतो. आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. घेत नसतील तर स्पीड पोस्ट.

कोणाकडे जायचं ते हॉस्पिटल कुठलं त्यावर आहे. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात वॉर्ड इन्चार्ज, मग मेट्रन म्हणजे नर्सिंग सुपरिंटेंडेंट, मग हॉस्पिटलचे अधीक्षक, मग डीन, आणि प्रत डिव्हिजनल कमिशनरला, कारण आपल्याकडे मेडिकल कॉलेजची जी स्वायत्त समिती असते तिच्यावर संभागायुक्त असतात. जिल्हा रुग्णालय असेल तर सिव्हिल सर्जन आणि सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी). भोपाळला आता आरोग्य आणि चिकित्सा शिक्षण एकच विभाग झालाय, पत्ता लिहिताना जुन्या दोन वेगळ्या विभागांची नावं टाकू नका. पायरी सोडून थेट वर गेलात तर पत्र खालीच परत येतं आणि वर मेट्रन दुखावते ते वेगळं. खूपदा मेट्रन मनातून तुमच्याच बाजूनं असते, तीही वरती स्टाफ मागून मागून थकलेली असते, तिचं जुनं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं.

उत्तर आलं नाही की आरटीआय

हे काम नर्सनं करू नये, घरच्यांनी, शेजारच्या रिटायर्ड काकांनी करावं, कोणताही नागरिक करू शकतो आणि आपल्या मराठी समाजात असे नीट अक्षराचे, वेळ असलेले, कागदपत्रांत मुरलेले काका-काकू भरपूर आहेत. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य सूचना आयोगाकडे दुसरं. "का" विचारायचं नाही, असलेल्या कागदाची प्रत मागायची. अमुक तारखेला नर्सिंग ऑफिसरची स्वीकृत, भरलेली आणि रिक्त पदं, त्यात कॉन्ट्रॅक्टवर किती, आउटसोर्सवर किती. अमुक महिन्याचा अमुक वॉर्डाचा ड्युटी रोस्टर, नावं झाकून चालेल. त्याच महिन्याचा मिडनाइट सेन्सस. आणि गेल्या तीन वर्षांत नर्सिंग सुपरिंटेंडेंटनं स्टाफसाठी वरती पाठवलेली पत्रं आणि त्यांची उत्तरं. शेवटचा मुद्दा विसरू नका, मघाशी म्हटलं ते पत्र इथून बाहेर येतं.

सोबत मंगळवारची कलेक्टर ऑफिसातली जनसुनवाई आणि १८१ सीएम हेल्पलाइन. १८१ ला फोन येतो, "हो गया ना, बंद कर दें?", तेव्हा काम प्रत्यक्ष झालं नसेल तर शांतपणे नाही म्हणा, तक्रार वरच्या लेव्हलला जाते. कंटाळून हो म्हणू नका. पण पदं वाढवण्यासारखी मागणी १८१ वर सुटत नाही, तिथे एकेका वॉर्डाची, पगार थकल्याची, नियुक्तीपत्र न मिळाल्याची अशी ठरावीक तक्रार टाका.

प्रायव्हेटवाल्यांसाठी जरा सविस्तर

कारण इंदूरमध्ये बहुतेक मुली प्रायव्हेटमध्येच आहेत, आणि सगळ्यात कमी बोलतात त्याच. २०१६ च्या २९ जानेवारीला ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीनं सांगितलं ते असं: २०० पेक्षा जास्त खाटांच्या हॉस्पिटलात नर्सचा पगार राज्य सरकारच्या नर्सइतका, १०० च्या वर असतील तर सरकारीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी नको, ५० ते १०० मध्ये २५ टक्क्यांहून जास्त कमी नको, आणि ५० च्या खाली असेल तरी महिन्याला २०,००० पेक्षा कमी नको. रजा, कामाचे तास, औषधोपचार, येण्याजाण्याची सोय हेही सरकारीच्या बरोबरीनं. आपल्या राज्यात नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन २८,७०० पासून आहे, त्यावर महागाई भत्ता वेगळा, आता तुमच्या हॉस्पिटलच्या खाटा मोजा आणि तुमच्या हातात किती येतात ते बघा.

पण एक लक्षात ठेवा, ही शिफारस आहे, केंद्रानं ती राज्यांकडे पाठवली, राज्यानं कायदा किंवा नियम केल्याशिवाय मॅनेजमेंटवर सक्ती होत नाही. त्यामुळे एचआरशी या कागदावरून भांडलात तर हाती काही लागत नाही आणि नोकरी धोक्यात येते. ही मागणी भोपाळकडे करायची. केरळात नर्सेस एकत्र आल्या, संप झाले, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं किमान वेतनाची अधिसूचना काढून प्रायव्हेटमधल्या नर्सचं मूळ वेतन २०,००० पासून केलं, म्हणजे राज्य सरकारला हे करता येतं. आपल्या आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारायला सांगा: सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर आलेल्या शिफारशींवर राज्यानं काय केलं, कधी केलं. इंदूर जिल्ह्यात नऊ आमदार आहेत, नवांना एकच लिहिलेला प्रश्न द्या, त्यातल्या एकानं जरी लावला तरी सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते रेकॉर्डवर कायम राहतं. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच जा, उशीर केलात तर प्रश्न पुढच्या सत्रावर जातो.

जे आजच्या कायद्यात आहे ते मात्र थेट मागा. नियुक्तीपत्र, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्यात आणि त्यात ते बंधनकारक आहे. पीएफ आणि ईएसआय कापतात ते खरंच भरतात का, हे मोबाइलवर स्वतः तपासा. २६ आठवड्यांची प्रसूती रजा. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती. आणि मूळ मार्कशीट, रजिस्ट्रेशनची मूळ प्रत कोणालाही ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या, यापायी कितीतरी मुली नको असलेल्या नोकरीत अडकून पडल्यात. यातल्या कामगार कायद्याच्या तक्रारी श्रम विभागाकडे, आणि मध्य प्रदेशच्या श्रम आयुक्तांचं मुख्यालय तर इथेच, इंदूरलाच आहे, भोपाळला जायचीही गरज नाही.

स्टाफच्या संख्येसाठी प्रायव्हेटमध्ये चावी सीएमएचओकडे. १९७३ च्या राज्याच्या नर्सिंग होम कायद्याखाली हॉस्पिटलचं रजिस्ट्रेशन तिथे होतं आणि तेव्हा नर्सिंग स्टाफ दाखवावा लागतो. प्रायव्हेट हॉस्पिटलला थेट आरटीआय लागत नाही, पण सीएमएचओ ऑफिसात जमा झालेल्या कागदाला लागतो. किती नर्स दाखवल्या, त्यांचे कौन्सिलचे रजिस्ट्रेशन नंबर दिलेत का, शेवटचं इन्स्पेक्शन कधी झालं, हे मागा. मग दिसतं की कागदावर चाळीस आणि फ्लोअरवर निम्म्या, बाकी शिकाऊ मुली नर्सचा ड्रेस घालून. आपल्या राज्यात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेतल्या घोटाळ्याचं जे प्रकरण झालं, हायकोर्टानं सीबीआय चौकशी लावली आणि २०२४ मध्ये सीबीआयनं आपल्याच तपास अधिकाऱ्यांना कॉलेजांकडून लाच घेतल्याच्या आरोपात अटक केली, त्यानंतर तर रजिस्ट्रेशन नंबर विचारण्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. मार त्यात खऱ्या शिकणाऱ्या मुलींनी खाल्ला, वर्षानुवर्षं परीक्षा अडकल्या.

संप करायचा का

हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो. २०२१ च्या जुलैमध्ये राज्यातल्या नर्सेसचा संप हायकोर्टानं बेकायदा ठरवून कामावर परत जायला सांगितलं होतं, आणि आपल्याकडे अत्यावश्यक सेवांचा १९७९ चा कायदा आहेच. सरकारी असाल तर आचरण नियमही आहेत, पत्रकारांशी स्वतःच्या नावानं बोलू नका, संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना बोलू द्या. काळी फीत, ड्युटी संपल्यावर गेटवर सभा, १२ मेच्या नर्सेस डेला सत्काराचा हार घेण्याआधी स्टेजवरच्या पाहुण्यांच्या हातात ज्ञापन देणं, हे सगळं पेशंटला धक्का न लावता होतं. मी काम बंदच्या बाजूनं नाही, निदान कागदाचे सगळे रस्ते चालून होईपर्यंत तरी नाही.

मारहाण झाली तर वेगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात ड्युटीवरच्या डॉक्टरवर बलात्कार आणि खून झाला त्या घटनेनंतर केंद्रानं सरकारी हॉस्पिटल्स आणि मेडिकल कॉलेजांना कळवलंय की ड्युटीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर संस्थेच्या प्रमुखानं सहा तासांच्या आत एफआयआर करायची. तुम्ही एकटीनं ठाण्यात जाऊन बसायचं नाही, आधी प्रमुखाला लेखी कळवा आणि वेळ लिहा.

पेशंटच्या घरच्यांनी काय करायचं

भरती केल्यावर पहिल्या संध्याकाळी सिस्टरला नाही, ड्युटी मॅनेजरला किंवा अधीक्षकांच्या ऑफिसात विचारा: आज रात्री या वॉर्डात किती नर्स आहेत आणि किती पेशंट? नीट आवाजात. बेल वाजवून दहा मिनिटं कोणी आलं नाही तर आरडाओरडा ज्या मुलीवर होतो ती त्या वेळी तिसऱ्या खोलीत कोणाला तरी ऑक्सिजन लावत असते. डिस्चार्जच्या फीडबॅक फॉर्मवर "नर्सिंग स्टाफ चांगला पण फार कमी" असं लिहा, प्रायव्हेटमध्ये मॅनेजमेंट हे फॉर्म वाचते. घरच्यांच्या सहीच्या चार ओळी ज्ञापनाला जोडल्या की त्याचं वजन वाढतं.

आणि घरी ज्यांच्याकडे आजी-आजोबांसाठी एजन्सीतर्फे बाई ठेवलीय, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत, अशी घरं आपल्यात किती वाढलीयत बघा. नळीतून फीड, कॅथेटर, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग हे काम रजिस्टर्ड नर्सचं आहे, अटेंडंटचं नाही, एजन्सीकडून रजिस्ट्रेशन नंबर लेखी घ्या. तिला मिळतात किती आणि एजन्सी ठेवते किती हेही विचारा, आठवड्याची सुट्टी आणि रात्री झोपायला जागा ठरवून घ्या, चोवीस तास एकच बाई हे तुमच्या आजीसाठीही धोक्याचं आहे.

उत्तर आल्यावर, म्हणजे अमुक पदं मंजूर किंवा अमुक नर्सेस परत वॉर्डात असा आदेश निघाल्यावर, वही पुन्हा काढा आणि आणखी चार आठवडे भरा. नव्या मुली जॉइन झाल्या का, झाल्या तर वॉर्डात आल्या का, का परस्पर दुसरीकडे अटॅच झाल्या, रात्रीची संख्या बदलली का. नसेल बदलली तर त्याच आवक नंबरचा संदर्भ देऊन पुढचं पत्र, आधीच्या तक्त्याशेजारी नवा तक्ता लावून.